जायला जवळ, यायला लांब

डोंगरातल्या शाळेवर रुजू झाल्यावर मी घेतलेल्या पहिल्याच भूगोलाच्या तासाला सगळ्या वर्गाने उत्तर दिशा म्हणून महाबळेश्वरकडे बोट दाखवलं. पहिली ते चौथी मिळून अकरा मुलं, अकरा बोटं. त्यातलं एक जरी चुकून बरोबर निघालं असतं तरी मला जरा बरं वाटलं असतं.

रायगड जिल्ह्याचा नकाशा मी भिंतीवर टांगला होता. पट्टीने त्याच्या वरच्या कडेवर ठोकत मी तीनदा वदवून घेतलं, "वरची बाजू म्हणजे उत्तर." पोरांनी ते छान सुरात म्हटलं. मग मी विचारलं, "आता सांगा, उत्तर कुठे?" पोलादपूर तालुक्यातल्या त्या वाडीत 'वर' या शब्दाला दुसरा अर्थच नाही. वर म्हणजे घाट. भाजीची गाडी वरून येते ती महाबळेश्वरकडून येते, आजी खाली गेली म्हणजे पोलादपूरच्या दवाखान्यात गेली, आणि घरटी एक-दोन माणसं खाली उतरतात ती पोटापाण्यासाठी मुंबईला. गुरुजी म्हणताहेत उत्तर वर असते, तर असेल बापडी, म्हणून पोरांनी सरळ उगवतीला बोटं केली.

मी चिडलो. मला चिडायला कारण फारसं लागत नाही. "अरे, ती पूर्व आहे! डोकी आहेत का खोकी?" सगळ्यांनी बोटं खाली घेतली. फक्त तिसरीतली एक मुलगी नकाशाकडे मान वाकडी करून बघत राहिली. बारीक चणीची, दोन वेण्या, आईवडील मुंबईला आणि ही आजीजवळ. ती म्हणाली, "गुरुजी, नकाशा उलटा टांगलात वाटतं. मुंबई वर हाय त्येच्यात. माजा पप्पा तर खाली जातो मुंबईला."

पोरं हसली. ती मला हसताहेत असं वाटून मी तिला उभं राहायला सांगितलं.

आमच्या शाळेला खोल्या दोन, पण एक गळायची, म्हणून चारही वर्ग एकाच खोलीत बसत. पलीकडच्या भिंतीशी शाळेच्या बाई पहिली-दुसरीच्या पाट्या तपासत होत्या. त्या उठून आल्या, मला काही न बोलता त्यांनी खिळ्यावरून नकाशा काढला आणि जमिनीवर पसरला. "उगवती कुठं रे?" त्यांनी विचारलं. अकरा हात पुन्हा घाटाकडे गेले. "शाबास. मग नकाशाची ही पूर्वेची कड घाटाकडे करा बघू." पोरांनी नकाशा ओढून फिरवला. "आता घाटाकडे तोंड करून उभे राहा. डावा हात कुठे जातो?" डावा हात महाडकडे गेला, त्याच्या पुढे कुठेतरी मुंबई. "ती उत्तर." त्या मुलीने एकदा नकाशाकडे आणि एकदा खिडकीबाहेर बघितलं, मग खूश होऊन म्हणाली, "म्हंजे मुंबई खाली पन हाय आनि उत्तरेला पन हाय!"

बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "भिंतीवर टांगला की नकाशाला वर-खाली चिकटतं, सर. जमिनीवर ठेवला की नुसत्या दिशा उरतात." मी डी.एड.ला पहिल्या श्रेणीत होतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाई आमच्या मुख्याध्यापिका. दोन शिक्षकांची शाळा, त्यातल्या एक त्या आणि दुसरा मी, म्हणजे त्यांना हुकूम सोडायला माझ्याशिवाय माणूस नव्हता, आणि मलाही त्यांनी कधी हुकूम सोडला नाही. वीसेक वर्षं त्या याच तालुक्यात शिकवत होत्या, आधी उमरठच्या बाजूला आणि मग इथे. सोमवार ते शनिवार वाडीतच एका खोलीत राहायच्या. नेसण साधी साडी आणि तिच्याखाली मुलांचे असतात तसले कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी ते बूट बघून मला हसू आलं होतं. मी स्वतः इस्त्रीचा शर्ट, खोचलेला, आणि पायात चकचकीत काळे बूट घालून महाडहून रोज मोटारसायकलने यायचो. अर्ध्या वाटेपर्यंत एमआयडीसीच्या बसगाड्यांची सोबत असायची. त्या फाट्याला वळल्या की पुढे मी एकटा. आणि त्या एकटेपणात रोज एकच विचार, बदली कधी होईल.

बाईंचं भूगोल शिकवणं बघण्यासारखं होतं. एकदा श्रावणात त्यांनी कळशीभर पाणी पडवीच्या कडेला ओतलं आणि मुलांना म्हणाल्या, "जा, याच्या मागे जा." पाणी अंगणातून ओघळलं, पोरं त्याच्या मागे. कुंपणाखालून ते शेताच्या बांधाला लागलं, बांधावरून ओहोळात, ओहोळ पऱ्याला. डोंगरातल्या ओढ्याला आमच्याकडे पऱ्या म्हणतात. परत आल्यावर बाईंनी विचारलं, पऱ्या पुढे कुठे जातो? सावित्रीला. सावित्री? पोलादपूरला. मग? महाडला. मग? इथे सगळे थांबले, कारण महाडच्या पुढे कोणी गेलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "पुढे तुडीलवरून जाते. तिथून जवळच माझं माहेर. आता ओतलं ना, ते पाणी माझ्या माहेरी जाईल, तिथून समुद्राला." दुसऱ्या दिवशी पहिलीतला एक जण आपली पाण्याची बाटली अंगणात रिकामी करताना सापडला. विचारलं तर म्हणाला, "बाईंच्या आईला."

नदीचा उगम, उपनदी, मुख, हे सगळे शब्द मी त्यांच्या आधी आठवडाभर फळ्यावर लिहून पाठ करून घेतले होते. माझे शब्द फळ्यावरच राहिले. खोटं कशाला सांगू, मला बाईंचा हेवा वाटायचा, आणि त्याहून जास्त कौतुक वाटायचं, आणि दोन्ही मी लपवून ठेवायचो.

दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये शाळेची माहिती ऑनलाइन भरायची आली. वाडीत मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की मिळते. एका हातात छत्री, एका हातात फोन, अंगाला जळवा, आणि रकाने किती म्हणून सांगू. नळ किती, संरक्षक भिंत आहे का, रॅम्प आहे का. शेवटाकडे एक रकाना होता, 'सर्वात जवळच्या शाळेचे अंतर'. मी फोनवर नकाशा उघडला, आमच्या शाळेवर बोट ठेवलं, दरीपलीकडच्या खालच्या वाडीतल्या शाळेवर ठेवलं, आणि दोघांमधली सरळ रेघ मोजली. नऊशे मीटर. शून्य पूर्णांक नऊ किलोमीटर, असं भरलं आणि खाली उतरलो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त मला उंटाच्या जागी पाण्याची टाकी मिळाली होती. छापील प्रतीवर बाईंनी माझ्यावर भरवसा ठेवून सही केली.

गौरी-गणपतीला मुंबईची सगळी माणसं आली, वाडी भरली, वाजली, नाचली आणि पुन्हा रिकामी झाली. त्याच आठवड्यात पत्र आलं. आमच्या शाळेचा पट कमी आहे आणि एक किलोमीटरच्या आत (०.९ कि.मी.) दुसरी शाळा आहे, तेव्हा मुलांचं समायोजन त्या शाळेत करण्याचं प्रस्तावित आहे. त्याआधी अधिकारी येऊन पाहणी करतील. समायोजन म्हणजे आमची शाळा बंद.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. "एक किलोमीटरच्या आत? शून्य पूर्णांक नऊ? हे कुठून आलं?"

मी समोरच उभा होतो. "ऑनलाइनला तसं दिसत असेल," मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं. मी त्यांच्याकडे न बघता हजेरीपत्रक उघडून बसलो.

दुपारी त्या दोन वेण्यांच्या मुलीची आजी शाळेत आली. बातमी वाडीत पत्राच्या आधी पोचली असावी. पायरीवर बसून ती बाईंना म्हणाली, "बाई, खालच्या शाळंत माजी पोर नाय जायाची. पऱ्या हाय मधी. पोराचा फोन आला, म्हनतो शाळा गेली तर तिला हिकडं आनतो मुंबईला. आनंल. समद्यांची आनतील. मग आमी म्हाताऱ्यांनी हितं कुनाकडं बघून ऱ्हायचं?"

बाईंनी तिला पाणी दिलं आणि तिच्याजवळ पायरीवर बसल्या. आणि माझ्या मनात त्या वेळी काय होतं तेही सांगून टाकतो, कारण इतक्या वर्षांनी लपवून काही मिळायचं नाही. शाळा मिटली तर माझी नेमणूक खाली कुठेतरी होणार होती, कदाचित महाडच्या जवळ. हा विचार माझ्या डोक्यात आला, आणि मी त्याला लगेच हाकलला नाही.

गावातले दोघं-तिघं अर्ज-विनंत्यांची भाषा करत होते. बाई म्हणाल्या, "अर्ज करा, पण मी मुलांना अंतर शिकवते. नाहीतरी चौथीला नकाशा आहेच." येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्या तिसरी-चौथीच्या मुलांना घेऊन खालच्या शाळेपर्यंत जाऊन येणार होत्या. एकाने पावलं मोजायची, एकाने घड्याळ बघायचं, एकाने वाटेत काय लागतं ते लिहायचं. मला म्हणाल्या, "सर, तुम्हीही चला." मी पोलादपूरच्या बैठकीचं निमित्त काढलं. बैठक होती, पण ती दुपारनंतर होती.

सोमवारी मुलांच्या वह्या तपासायला माझ्याकडे आल्या. ती दोन वेण्यांची मुलगी आता चौथीत होती. तिने लिहिलं होतं: 'खालची शाळा. जायाला जवळ. यायाला लांब.' मी लाल पेनने फुली मारली आणि बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अंतर दोन्ही बाजूंनी सारखेच असते.' तिने ते वाचलं, वही मिटली, आणि जाऊन बाईंना दाखवली. तक्रार करायला नाही. तिला खरोखरच कळेना आपलं चुकलं काय.

बाई वही घेऊन माझ्याकडे आल्या. "हिचं काय चुकलं, सर?"

"बाई, अंतर म्हणजे अंतर. इकडून मोजा नाहीतर तिकडून."

"अंतर सारखं असेल," बाई म्हणाल्या, "पण लांब सारखं नसतं." आणि त्या मुलीला विचारलं, "जाताना किती लागलं गो?"

"पाऊन तास. येताना सव्वा."

"मग नकाशात दोन्ही लिहा."

मी पुढची वही ओढली, पण पटलं म्हणून नाही. मला वाटलं, या बाई भूगोलाची पार खिचडी करताहेत.

त्यानंतर नकाशा चार दिवस चालला. पुस्तकांच्या गठ्ठ्याला येतो तो खाकी कागद चिकटवून त्यांनी सतरंजीएवढा केला आणि जमिनीवर ठेवूनच काढला. त्यात पावलं होती, वळणं होती, दम लागला की बसायचा आंबा होता, जळवा जास्त असतात ती जागा होती, पऱ्या निळ्या खडूने जाड केलेला होता. पऱ्यावर पूर्वी साकव होता, म्हणजे माणसापुरता लहान पूल. तो वाहून गेल्याला तीन पावसाळे झाले होते. तिथे त्यांनी साकव काढून त्यावर फुली मारली होती, आणि वाट तिथून वळून पार वरच्या उताराला, म्हणजे पायी ओलांडायच्या जागेला, जात होती, जिथे पाणी गुडघ्याएवढं असतं. आणि सगळ्या कागदाच्या माथ्यावर होता घाट.

"बाई, हे चालणार नाही," मी म्हणालो. "उत्तर वर पाहिजे. साहेब हसतील आपल्याला."

"उत्तरेचा बाण काढलाय की. डावीकडे तोंड करून आहे, पण बरोबर आहे."

हे खरं होतं आणि त्यामुळे मला अधिकच राग आला. मी घरी बसून माझा स्वतःचा नकाशा काढला. पांढराशुभ्र कागद, काळी शाई, उत्तर वर, एक सेंटिमीटरला शंभर मीटर असं प्रमाण. मोजमाप अर्थातच फोनवरून. दोन शाळा मी दोन लाल टिंबांनी दाखवल्या, मध्ये बरोबर नऊ सेंटिमीटर. हात दाखवून अवलक्षण कसं करून घ्यावं, हे माझ्याकडून शिकावं. आपण आपलीच चूक शाईने मोठी करून काढतो आहोत, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

साहेब आले ते भाद्रपद सरता सरता. पाऊस अजून होता. घाटावरचा माणूस, साताऱ्याकडचा, नव्याने इकडे आलेला. वाईट नव्हता. कागदावर दिसेल ते खरं मानणारा होता, आणि तोवर मीही तसाच होतो. भिंतीवरचा माझा नकाशा बघून त्यांचा चेहरा खुलला. "वा! नकाशा असावा तर असा." खिशातून लहान पट्टी काढून त्यांनी दोन टिंबांवर धरली. "नऊ सेंटिमीटर. म्हणजे नऊशे मीटर. भरलेली माहिती बरोबर आहे तर."

बाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना आत्ता सगळं कळलं होतं एवढंच.

"मुलांनीही एक काढलाय, साहेब," त्या म्हणाल्या, आणि पोरांनी खाकी कागद जमिनीवर उलगडला.

साहेब वाकले, मान एकीकडे कलवली, मग दुसरीकडे. "उत्तर अशी डावीकडे कशी?"

मोठ्या माणसांपुढे आमची मुलं एरवी तोंड उघडत नाहीत. पण त्या मुलीला साहेबांचं अडलेलं दिसलं, आणि अडलेल्याला सांगायचं असतं हे ती बाईंकडून शिकली होती. तिने त्यांच्या बाहीला धरून त्यांना कागदाच्या खालच्या कडेशी आणलं. "साहेब, तुमी हितं उबं ऱ्हावा. आता घाटाकडं तोंड करा. आता बगा, समदं जितल्या तितं हाय."

साहेबांनी दाराबाहेर घाटाकडे बघितलं, मग कागदाकडे. "अरेच्चा," ते म्हणाले. मग ती त्यांना वाटेने घेऊन गेली, बोटाने: आंबा, जळवा, नसलेला साकव, वरचा उतार. शेवटी ते दोन आकड्यांपाशी आले. "आणि हे दोन का? अंतर दोनदा कसं?"

तिने चटकन माझ्याकडे बघितलं. फुली मीच मारली होती ना. मी भिंतीकडे बघत होतो. तिने क्षणभर थांबून सांगून टाकलं, "ह्यो जायाचा, ह्यो यायाचा. चढ हाय ना, साहेब."

साहेब हसले, पण वेड्यात काढून नाही. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "चालून बघू या का? मुलं वर्षभर रोज जाणार असतील तर आपण एकदा जाऊ."

मग आम्ही निघालो. अकराही मुलं, कारण मागे राहायला कोणी तयार नव्हतं, पुढे बाई कॅनव्हासच्या बुटात, मग साहेब, मग मी, आणि मागे मुलांची रांग. खालच्या शाळेचं पत्र्याचं छप्पर दरीपलीकडे पहिल्या वळणापासूनच दिसत होतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं. आणि आपण चालतच राहतो, आणि ते तितकंच लांब राहतं. वाटेवरचे दगड शेवाळलेले. माझे काळे बूट दोनदा सरकले आणि तिसऱ्यांदा मी सरळ बसलोच. मुलं हसली नाहीत. पुढच्याने मागच्याला सांगितलं, "हितं गुरुजी पडलं, जपून," आणि ते तसंच शेवटच्यापर्यंत पोचलं.

पऱ्यावर साकवाचे दोन दगडी खांब तेवढे उभे होते, मधून लाल पाणी चाललं होतं. तिथून वाट वळून वर उताराला गेली. तिथे पोचल्यावर कोणी काही न सांगता मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले, एक मोठं, एक लहान, अशी रांग झाली, आणि पाण्यात उतरली. दोन वेण्यांच्या मुलीने साहेबांपुढे हात केला. साहेबांनी बूट काढून गळ्यात अडकवले आणि तो हात धरला. मला धरायला मोठं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तिसरीतल्या एकाने धरला. कंबरेएवढं पोर मला पाण्यातून सांगत होतं, पाय कुठे ठेवायचा आणि कुठे नाही. त्या पाण्यात उभा असताना मला लाज वाटली, आणि त्या मुलांबद्दल जे वाटलं त्याला आदर याहून लहान शब्द लावता येणार नाही. आणि बाईंबद्दल तर विचारूच नका. पलीकडच्या काठावर उभ्या राहून त्या डोकी मोजत होत्या, आणि मोजताना माझंही डोकं त्यांनी मोजलं.

येताना चढ. आंब्याशी पहिलीतली धाकटी बसली ती उठेना. मी तिला पाठीवर घेतलं. साहेब तीन ठिकाणी थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि प्रत्येक वेळी घड्याळ बघितलं. शाळेच्या पडवीत पोचलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले. दोन वेण्यांची ती मुलगी तांब्या-भांडं घेऊन आली आणि सगळ्यांना पाणी देत फिरू लागली.

पाणी पिऊन झाल्यावर साहेबांनी फाइल उघडली. "एक सांगा. हे शून्य पूर्णांक नऊ कोणी भरलं?"

"शाळेनं भरलं, साहेब," बाई लगेच म्हणाल्या. "सही माझी आहे."

निवृत्तीला दीड वर्ष राहिलेली बाई. वीस वर्षांत सेवापुस्तकात एक वाकडा शब्द नाही. आणि त्या माझ्या बोटाची चूक स्वतःच्या सहीखाली घेत होत्या, जणू मुलाचं नाक पुसावं इतक्या सहज. मी दोन श्वास गप्प राहिलो. ते दोन श्वास मला अजून आठवतात.

"मी भरलं," मी म्हणालो. "फोनवर बोट ठेवून मोजलं. बाईंना माहीत नव्हतं."

पाणी देणारी मुलगी माझ्यासमोर भांडं घेऊन उभी होती. तिच्या आवाजात दोष देणं नव्हतं, नवल होतं. "गुरुजी, तुमी कदी गेलातच नव्हता त्या वाटनं?"

"नाही," मी म्हणालो.

तिने मलाही पाणी दिलं.

महिनाभराने आदेश आला. शाळा आहे तिथेच, आहे तशी चालू राहणार. अंतराच्या रकान्यात दुरुस्ती झाली होती, पायवाटेने तीन किलोमीटर, मध्ये ओढा, पूल नाही. बाईंनी तो मुलांना वाचून दाखवला आणि शाळा अर्धा तास लवकर सोडली, त्यांच्या नोकरीतला मी बघितलेला एकमेव बेशिस्तीचा प्रकार. वाडीतून आजीबाईंचे आवाज बराच वेळ ऐकू येत होते.

त्याच पाकिटात दुसरा कागद माझ्या नावाचा होता. चुकीची माहिती भरल्याबद्दल लेखी खुलासा सादर करावा, मुख्याध्यापकांच्या अभिप्रायासह. मी आधी पानभर लिहिला. रेंज, पाऊस, टाकी, रकान्यांची गर्दी, सगळं त्यात आलं. वाचून बघितला आणि फाडला. मग एकच ओळ लिहिली, 'सदर अंतर मी प्रत्यक्ष चालून पाहिले नव्हते.' खाली सही करून बाईंच्या टेबलावर ठेवला.

मला वाटलं होतं, त्या काहीतरी सांभाळून घेणारं लिहितील, शिक्षक मेहनती आहेत वगैरे. त्यांनी चष्मा लावला, माझी ओळ वाचली, आणि अभिप्रायाच्या जागी तीन शब्द लिहून शिक्का मारला. पाकिटात घालायच्या आधी कागद माझ्याकडे सरकवला. लिहिलं होतं, 'आता पाहिले आहे.'